समन्स आलं की दार उघडा

वसुलीचा सर्वांत जहाल फोन बहुधा शुक्रवारी संध्याकाळी येतो. 'तुमच्यावर केस दाखल झालीय, सोमवारी पोलीस घरी येतील, आज रात्रीपर्यंत अमुक इतके भरा.' पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ. वर तीन सिंहांची मुद्रा, खाली लाल अक्षरांत 'अंतिम सूचना', मधे कलमांची रांग. पुढचे दोन दिवस कोर्ट बंद, वकील गावाला गेलेले, बँकेत विचारायला कुणी नाही. मग माणूस मेहुण्याकडे हात पसरतो, बायकोच्या बांगड्या गहाण टाकतो, नाहीतर मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपवरून आणखी तीस हजार उचलून मोकळा होतो. कर्ज जागेवरच राहतं, फक्त एकाचे दोन सावकार होतात.

दिवाणी कोर्टात काम करताना कार्डाच्या थकबाकीत सापडलेली पुष्कळ माणसं पाहिली. त्यांच्या पिशवीत दोन तऱ्हेचे कागद असतात. ज्यांना घाबरायचं काही कारण नव्हतं, ते दहा वेळा वाचून चुरगळलेले. आणि ज्याला उत्तर द्यायलाच हवं होतं, तो लिफाफा न फोडलेला. या लेखात मी मुख्यतः त्या न फोडलेल्या लिफाफ्याबद्दल बोलणार आहे.

तेव्हा आधी कागद ओळखायला शिका. एजन्सीचा मेसेज किंवा सिंहांची मुद्रा छापलेलं पीडीएफ म्हणजे कोर्टाचा कागद नव्हे. वकिलाची नोटीसही कोर्टाची नसते. ते बँकेचंच म्हणणं असतं, फक्त काळा कोट घालून आलेलं. तिला उत्तर दिलं नाही म्हणून लगेच काही जप्त होत नाही. तरी मी उत्तर द्यायलाच सांगतो, आणि तेही लेखी. महिन्यागणिक खातेउतारा मागा, कोणता आकडा मान्य नाही ते लिहा, नोकरी गेली असेल किंवा घरात आजारपण असेल तर तेही लिहा. मात्र 'एवढी रक्कम मी देणं लागतो' असं सही करून लिहिण्याआधी वकिलाला विचारा. त्याचं कारण पुढे येईल.

तिसरा कागद लोकअदालतीचा. 'दाखलपूर्व प्रकरण' असं त्यावर लिहिलेलं असतं. दावा अजून लागलेला नाही, बोलून मिटतंय का ते पाहू, एवढाच त्याचा अर्थ. इथे तुमच्या संमतीशिवाय काहीही ठरू शकत नाही, म्हणून जरूर जा; पुष्कळदा बँकेचा अधिकार असलेला माणूस तिथेच पहिल्यांदा समोर भेटतो. पण सही विचार करून करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. न झेपणारा हप्ता तिथे कबूल केलात, तर तो कोर्टाचा हुकूमनामा म्हणून तुमच्या मागे लागेल.

चौथा कागद लवादाचा, आणि लोक हमखास ज्याला रद्दीत टाकतात तो हाच. कार्ड घेताना बारीक अक्षरांतल्या करारावर सही केलेली असते, त्यात अनेकदा वाद लवादाकडे नेण्याचं कलम असतं. मग तुम्ही सांगलीला आणि लवाद भलत्याच शहरात. लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो आणि त्याला आव्हान द्यायला मुळात तीन महिनेच मिळतात, म्हणून या नोटिशीला गप्प बसून चालत नाही. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्या पक्षाने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने लवाद एकतर्फी नेमण्याच्या तरतुदी पुन्हा अमान्य केल्या. तुम्हाला न विचारता बँकेने लवाद नेमला असेल, तर ही हरकत पहिल्याच उत्तरात लेखी घ्या.

उरलं समन्स. त्यावर कोर्टाचा शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख असते, सोबत दाव्याची प्रत जोडलेली असते. ते बेलीफ आणून देतो किंवा पोस्टाने येतं. अलीकडे मोबाइलवरही येऊ शकतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळंच खोटं असंही धरू नका. खरंखोटं करायला पाच मिनिटं पुरतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाका, तो नसेल तर जिल्हा निवडून स्वतःच्या नावाने शोधा. दावा लागलेला असेल तर बहुधा तिथे दिसतो. 'केस फाइल झालीय' म्हणणाऱ्याला सीएनआर नंबर विचारा. बहुतेक फोन त्या प्रश्नावर बंद होतात.

आता अटकेबद्दल. कार्डाचं बिल न भरणं हा गुन्हा नाही. ती दिवाणी बाब आहे आणि त्यासाठी पोलीस दाराशी येत नाहीत. जुनं ४२० कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमात गेलं, तरी फोनवर अजून ४२० चीच भीती घालतात. फसवणूक ठरायला पहिल्या दिवसापासून बुडवायचा इरादा असावा लागतो. खोटी पगारपत्रकं देऊन कार्ड घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. हुकूमनामा झाल्यावर दिवाणी कैदेची तरतूद कायद्यात आहे. पण निव्वळ पैसे नाहीत म्हणून माणसाला आत टाकता येत नाही, ऐपत असून तो मुद्दाम टाळतोय हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच जॉली जॉर्ज व्हर्गीसच्या निकालात स्पष्ट केलं आहे.

याला एक खराखुरा अपवाद आहे, तो म्हणजे चेक. वसुलीवाला घरी येतो, गोड बोलतो, 'नुसते सिक्युरिटीसाठी' म्हणून सही केलेले दोन कोरे चेक घेऊन जातो. चेक परत गेला की दिवाणी कर्जाचं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या १३८ कलमाखालचं फौजदारी प्रकरण होतं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. खात्यातून आपोआप हप्ता कापायला दिलेली संमती पैसे नसल्याने नाकारली गेली, तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं २५ वं कलम तसंच लागतं. म्हणून १३८ किंवा २५ ची नोटीस खरी असेल, तर त्याच दिवशी वकील गाठा. नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस असतात. आणि कोरे चेक कुणालाही देऊ नका, तो एजंट कितीही 'काका, काका' करत असला तरी.

या एजंटांनाही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास, खोटी बतावणी, हे सगळं मना आहे, आणि एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेवर आहे. सासऱ्यांना फोन गेला, ऑफिसात माणूस आला, तर तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा, कॉल रेकॉर्ड करा. आधी बँकेच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. मारण्याची किंवा बदनामीची धमकी असेल तर पोलीस ठाणं. एवढं मात्र लक्षात असू द्या की तक्रारीने त्रास थांबतो, कर्ज माफ होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून वर्षभर निवांत राहिलेले लोक मी पाहिलेत.

ते कर्ज इतकं का फुगतं याचं गणित एकदा कागदावर मांडा. एक लाख थकले आहेत आणि दर महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे असं धरू. महिन्याचं व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०. म्हणजे तुम्ही पोटाला चिमटा काढून ५,००० भरलेत, तर मुद्दल कमी झालं ८७० रुपयांनी. शिवाय मागचं पूर्ण फिटलेलं नसताना त्याच कार्डावर दूध आणि किराणा घेतलात, तर त्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज. म्हणून पहिलं काम, कार्ड वापरणं बंद. दुसरं, घरात ठेव असेल तर मोडा. ठेवीवर सात टक्के मिळतायत आणि कार्डाला बेचाळीस टक्के जातायत, तरी 'अडीअडचणीला राहू दे' म्हणणारे आहेत. अहो, हीच ती अडचण. पगार चालू असेल तर बँकेकडून थकबाकी हप्त्यांत बदलून घ्या, दर निम्म्याच्या आसपास उतरू शकतो. मिळकतच बंद असेल तर मात्र सोनं गहाण ठेवून कार्ड फेडू नका. हप्ता कुठून देणार हा प्रश्न तसाच राहतो आणि सोनं जातं.

तीस टक्क्यांवर व्याज बेकायदा आहे असं अजूनही लोक सांगत येतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसं म्हटलं होतं खरं, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. त्या भरवशावर बचाव उभारू नका. तसंच 'राइट ऑफ' या शब्दाचं. नव्वद दिवस किमान रक्कमही आली नाही की खातं बुडीत वर्गात जातं आणि पुढे बँक ते वहीतून काढते. पण ही हिशेबाची बाब आहे, वसुलीचा हक्क शाबूत राहतो.

आता तो लिफाफा फोडू. बँका कार्डाच्या थकबाकीसाठी पुष्कळदा समरी दावा लावतात. यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवावी लागते. पुढे निकालासाठीचं समन्स आलं की पुन्हा दहा दिवसांत प्रतिज्ञापत्रावर 'बचावाची परवानगी द्या' असा अर्ज. पहिले दहा दिवस हुकले की बँकेचं म्हणणं कबूल धरलं जातं आणि हुकूमनामा होतो. ना साक्ष, ना उलटतपास. साध्या दाव्यात कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला तीस दिवस असतात, कोर्टाने कारणं मान्य केली तर नव्वदपर्यंत. रक्कम वीस लाख किंवा त्याहून अधिक असेल तर प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात जातं, तिथली रीत वेगळी.

समन्स घेतलं नाही तर दावा चालणार नाही, ही समजूत कुठून आली कोण जाणे. बेलीफ दिसला की मागच्या दाराने जाणारे, मुलाला 'बाबा घरी नाहीत सांग' म्हणणारे सुशिक्षित लोक आहेत. नाकारलेलं समन्स बजावलेलंच धरतात, घर बंद असेल तर दारावर डकवतात, आणि शेजाऱ्यांना वाचायला मिळतं ते वेगळंच. आपल्याकडे ही चूक जुनी आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यामागच्या संतापात एकतर्फी हुकूमनाम्यांचाही वाटा होता. शेतकरी कोर्टात पोचतच नसे, सावकार सांगेल तो आकडा कायम होई. त्यातून आलेल्या १८७९ च्या कायद्याने कोर्टाला व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासायला लावलं. तेव्हाच्या शेतकऱ्याला अक्षर वाचता येत नव्हतं. आपण दहावी-बारावी होऊन तेच करतो.

कोर्टात सांगायला काही नाही असं बहुतेकांना वाटतं. खातेउतारा घेऊन बसलं की सापडतं. भरलेले पैसे जमा दाखवलेले नसतात. फोनवर 'हो' म्हणवून चिकटवलेल्या विम्याचा हप्ता दर महिन्याला चढलेला असतो. न केलेला व्यवहार असतो, ज्याची तक्रार तुम्ही तेव्हाच केली होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार न भरलेले दंड, शुल्क आणि कर मुद्दलात घालून त्यावर व्याज लावता येत नाही, आणि उशिराचा दंड बिलाच्या पूर्ण रकमेवर नव्हे तर बाकी राहिलेल्या रकमेवरच लावायचा असतो. उताऱ्यात याच्या उलट दिसलं तर रंगीत पेनने खूण करा. तोच तुमचा बचाव.

आणि मुदत. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे, आणि दावा मुदतबाह्य असेल तर तुम्ही हरकत घेतली नाहीत तरी कोर्टाने तो फेटाळायला हवा. पण मुदत संपण्याआधी सही करून कर्ज कबूल केलं, किंवा लेखी नोंद राहील असा काही भरणा केला, तर तीन वर्षं नव्याने मोजली जाऊ शकतात. मुदत उलटून गेल्यावरही 'मी देईन' असं सहीने लिहून दिलं तर तो नवा करार होतो. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एजंट 'फक्त पाचशे भरा आणि इथे सही करा' म्हणून का मागे लागतो, ते आता कळेल. उलट तीन वर्षं लपून काढू असा बेत करणाऱ्यांना मी साथ देत नाही. दावे बरेचदा मुदत संपता संपताच लागतात, तोवर व्याज चढत राहतं आणि घरभाड्यापासून गृहकर्जापर्यंत सगळीकडे खराब क्रेडिट स्कोअर आडवा येतो.

कर्ज खरं आहे, आकडाही बरोबर आहे, पण एकरकमी देणं शक्य नाही. मग? मग तसंच सांगा आणि हप्तेबंदी मागा. इथे एक बारकावा आहे, तो चुकला की महागात पडतो. निकालाच्या आधी मागितले तर कोर्ट पुरेशा कारणासाठी स्वतः हप्ते ठरवून देऊ शकतं. हुकूमनामा झाल्यानंतर मात्र त्याला बँकेची संमती लागते. म्हणजे दावा चालू असताना कोर्टासमोर उभं राहणं यालाच किंमत आहे. एकतर्फी हुकूमनामा होऊन गेलाच असेल, तर तो रद्द करून घ्यायला तीस दिवस असतात; समन्स रीतसर मिळालंच नव्हतं तर कळल्या दिवसापासून तीस. समरी दाव्यात त्यासाठी कारणही तसंच खास लागतं.

हुकूमनाम्यानंतर बँक दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावते. ती लावायला तिच्याकडे बारा वर्षं असतात. घर जप्त होऊ शकतं, बँकखातं गोठू शकतं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने काही गोष्टी वाचवल्या आहेत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारं, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र. भविष्य निर्वाह निधी वाचतो, सरकारी पेन्शन वाचते, कसणाऱ्या शेतकऱ्याचं राहतं घर वाचतं. पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश वाचतात. चाळीस हजार पगार असेल तर जप्ती १३,००० वरच येते, आणि तीही एका हुकूमनाम्यापायी एकूण चोवीस महिने. हे माहीत नसल्याने माणसं घाबरून भावाच्या नावावर फ्लॅट करून देतात. धनकोला चुकवण्यासाठी केलेलं असं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं, आणि तोवर भावाशीही बिनसलेलं असतं. त्यापेक्षा साधी गोष्ट करा. ज्या बँकेचं कार्ड थकलंय त्याच बँकेत पगार येत असेल, तर ती बँक तो परस्पर वळता करून घेण्याचा हक्क सांगते, म्हणून घरखर्चाचं खातं दुसऱ्या बँकेत ठेवा.

तडजोड कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते, दावा चालू असतानाही. एकच नियम पाळा: पत्र आधी, पैसा नंतर. पत्र बँकेचंच हवं, किमान बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं, आणि त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक, ठरलेली रक्कम, तारखा, 'पूर्ण व अंतिम' हे शब्द आणि दावा मागे घेण्याचा उल्लेख असावा. पैसे कार्डाच्याच खात्यात भरा, एजंटाच्या यूपीआयवर कधीही नाही, रोख तर नाहीच. दावा असेल तर कोर्टात तडजोड पुरसीस दाखल करून घ्या. नंतर बेबाकी दाखला मागा आणि तो जपून ठेवा. जुनी थकबाकी दुसऱ्या कंपनीला विकली जाते आणि काही वर्षांनी नवा माणूस जुनाच आकडा घेऊन येतो. कमी रकमेत मिटवलंत तर क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढची काही वर्षं नडतो. पूर्ण भरणं जमत असेल तर 'क्लोज्ड' लिहून घेणं केव्हाही बरं. आणि 'आम्ही निम्म्यात मिटवून देतो, बँकेचे फोन घेऊ नका, आमची फी आधी भरा' म्हणणाऱ्या कंपन्या पुष्कळ झाल्या आहेत. फोन घेऊ नका हा त्यांचा सल्लाच तुम्हाला एकतर्फी हुकूमनाम्यापर्यंत नेतो.

कार्डधारक वारला तर? वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच जबाबदारी येते. वडिलांनी मागे काही ठेवलं नसेल तर मुलाच्या पगाराला हात लागत नाही. बायकोचं ज्या कर्जावर नाव-सही नाही, ते तिचं कर्ज नव्हे. तेराव्याच्या आधी फोन करणाऱ्याला मृत्यूचा दाखला बँकेला पाठवला आहे एवढं सांगा आणि खरोखरच पाठवा.

वकिलाची फी कुठून आणायची, हा प्रश्न यात उरतोच. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका समिती असते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांनाही, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुणालाही. अर्ज मराठीत चालतो. हेल्पलाइनचा क्रमांक १५१००. जाताना समन्स आणि ते ज्या लिफाफ्यातून आलं तो लिफाफाही बरोबर न्या. दहा दिवस कुठून मोजायचे ते त्याच्यावरच्या तारखेवरून कळतं.